अठरा महिन्यांनी येणाऱ्या पैशाची बचत

प्रश्न: आमची पलूस तालुक्यात नदीकाठाला बागायत आहे, मुख्य पीक ऊस. मी पुण्यात नोकरीला असतो आणि दर महिन्याला एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक हप्ता) करतो. वडिलांचं मात्र उसाचं बिल जमा झालं की दोन-अडीच महिन्यांत खातं रिकामं होतं. बचतीचा विषय काढला की म्हणतात, "उद्याचं कुणी बघितलंय?" काही माणसांना पुढचा विचार करताच येत नाही का? त्यांना बचतीची सवय कशी लावू?

उत्तर:

आधी तुमच्या प्रश्नातल्या एका गोष्टीला हरकत घेतो. वडिलांना पुढचा विचार करता येत नाही, हे मला पटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची, लागण करायची, बेणं, खतं, भरणी, पाण्याच्या पाळ्या यांत हातातले आणि उसने असे सगळे पैसे मातीत घालायचे आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोड येईल म्हणून थांबायचं. हे आयुष्यभर करत आलेल्या माणसाला उतावळा कसं म्हणायचं? तुमची कंपनी तुम्हाला तीस दिवस थांबवते. त्यांना शेत दीड वर्ष थांबवतं आणि ते थांबतात. धीर त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे. अडचण दुसरीकडे आहे.

मी सांगली जिल्ह्यात सहकारी बँकेच्या ठेवीच्या आणि कर्जाच्या, दोन्ही टेबलांवर अनेक वर्षं काम केलं. निवृत्तीनंतर घरोघरचे हिशोब मांडून देतो. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. माणूस किती मागे टाकतो हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याचा पैसा किती दिवसांनी आणि किती भरवशाने येतो यावर जास्त ठरतं. तुमच्याच तालुक्यात याचा पुरावा आहे. किर्लोस्करवाडी, म्हणजे किर्लोस्करांच्या कारखान्याची वसाहत, १९१० साली वसली, तेव्हापासून आसपासच्या गावांत महिन्याचा पगार घेणारी घरं आहेत. एक भाऊ कारखान्यात आणि दुसरा शेतात, अशी कितीतरी कुटुंबं मी पाहिली. आईबाप एक, संस्कार एक, जेवणाची पंगतही एक. तरी पगारवाल्याच्या नावावर आवर्ती ठेव असते, विम्याचा हप्ता वेळेवर जातो. आणि शेतातल्या भावाच्या खात्यावर एकदम मोठी रक्कम येते आणि एकदम जाते. एकाच घरातल्या दोन भावांचे स्वभाव दरवेळी असे नेमके नोकरीप्रमाणे वाटले जात नाहीत.

तुमच्या एसआयपीकडेही जरा नीट बघा. तुमचा पगार हातात पडण्याआधीच प्रॉव्हिडंट फंड कापला जातो. एसआयपीची तारीख पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची असणार, म्हणजे तीही आपोआप जाते. महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून बाजूला काढायची वेळ आली असती, तर किती उरलं असतं? तुम्ही शिस्तीचे नाही असं मला म्हणायचं नाही. पण त्या शिस्तीतला मोठा वाटा पगाराच्या व्यवस्थेचा आहे आणि वडिलांना तशी व्यवस्था कुणी करून दिलेली नाही.

आता त्यांच्या बिलाचा हिशोब करू. समजा दोन एकर आडसाली आहे, एकरी पन्नास टन पडला. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान रास्त दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनाला ३५५० रुपये होती. उतारा जास्त असेल तर दर चढतो आणि तोडणी-वाहतूक त्यातून वजा होते. सोपं पडावं म्हणून टनाला ३२०० हातात आले असं धरू. शंभर टनांचे ३ लाख २० हजार. गावात ही रक्कम मोठी दिसते, पाहुण्यारावळ्यांना मोठी दिसते, खुद्द वडिलांनाही तो आठवडाभर मोठीच वाटते. पण त्यातून लागणीपासून तोडीपर्यंतचा खर्च दीड लाख धरून वजा केला, तर उरतात १ लाख ७० हजार. त्याला अठरा महिन्यांनी भागा. महिन्याला साडेनऊ हजारही पडत नाहीत. पुण्यात तुम्ही खोलीचं भाडं किती भरता?

बरं, हे पैसे आले तेव्हा ते मोकळे नसतातच. गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज बिलातूनच वसूल होतं. उरलेल्यातून कृषी सेवा केंद्राची उधारी, किराणा दुकानाची वही, ट्रॅक्टरवाल्याची नांगरट, कुणाकडून हातउसने घेतलेले, बहिणीच्या बाळंतपणात झालेला खर्च. तुमचा पगार पुढच्या महिन्यासाठी येतो. वडिलांचं बिल मागच्या दीड वर्षासाठी येतं. त्यांनी दोन महिन्यांत जे "उडवलं" असं तुम्हाला वाटतं, त्यातलं बरंचसं त्यांनी आधीच खर्च केलेलं असतं, फक्त फेडलं आत्ता. एकदा त्यांच्याजवळ बसून, वाद न घालता, गेल्या बिलाचे पैसे कुठे गेले याची यादी करा. फेड किती, नवा खर्च किती, असे दोन रकाने करा. मी ज्या ज्या घरात हे केलं तिथे मुलांचा राग उतरला आहे.

याच संदर्भात एक अभ्यास सांगण्याजोगा आहे आणि तो नेमका ऊस उत्पादकांवरच झाला आहे. तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांना तोडीच्या आधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडीनंतर बिल मिळाल्यावर तर्काची तीच ती कोडी सोडवायला दिली. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोच शेतकरी पैसे आल्यावर कोडी चांगली सोडवत होता आणि चणचणीत कमी पडत होता. या निष्कर्षावर पुढे तज्ज्ञांमध्ये वाद झाला, पण टेबलाच्या अलीकडून मला दिसलेल्या गोष्टीशी तो जुळतो. तोडीआधीच्या चार-पाच महिन्यांत माणूस सगळं लक्ष आजच्या गरजेवर लावून बसतो. तेव्हा तो महाग व्याजाने पैसे उचलतो, कागद न वाचता सही करतो. बिल आल्यावर तोच माणूस शांत डोक्याने बोलतो. पैशाचे मोठे निर्णय उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात चणचणीच्या घाईत उरकू नयेत, हे मी प्रत्येकाला सांगतो.

"उद्याचं कुणी बघितलंय" या वाक्याकडे आता येऊ, कारण मला ते फार गंभीर वाक्य वाटतं. कृष्णाकाठच्या माणसाने ते म्हटलं तर त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तुमच्या भागात कित्येक दिवस उसाच्या शेंड्यावर पाणी होतं. २०२१ मध्ये पुन्हा पूर. उभं पीक, जनावरं, घरातलं धान्य, कपाटातले कागद, सगळं एका आठवड्यात गेलेलं ज्याने पाहिलंय, त्याला "वीस वर्षांनी तुमचे इतके लाख होतील" हा तक्ता दाखवून काय पटणार?

शिवाय पुराइतकंच नुकसान माणसांनीही केलं आहे. आपल्या भागात पतसंस्था बुडाल्या, बँका अडचणीत आल्या, मुलीच्या लग्नाला ठेवलेली ठेव ऐन लग्नात मिळाली नाही, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. उसाचं बिल कायद्याने तोडीपासून चौदा दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्यायचं असतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच ते आहे. प्रत्यक्षात किती वेळा आंदोलनं करून ते मिळवावं लागलं हे वडील तुम्हाला सांगतील. ज्याला दिलेला शब्द वारंवार मोडलेला दिसला, तो हातात आलं ते वापरून टाकतो. अमेरिकेत रॉचेस्टर इथे लहान मुलांवर केलेल्या एका प्रयोगात हेच दिसलं. मुलांना आधी चांगले रंग आणून देतो असं सांगितलं. काहींना खरंच आणून दिले, काहींना दिले नाहीत. नंतर एक गोड पदार्थ समोर ठेवून, थांबलात तर दोन मिळतील असं सांगितलं. ज्यांच्या बाबतीत पहिला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं ती तीनच मिनिटं. दोन्हीकडची मुलं एकाच वयाची. थांबण्याची ताकद समोरच्याच्या शब्दावर अवलंबून होती.

याची उलट बाजूही मी पाहिली आहे आणि ती मला फार आशेची वाटते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तिकडे साताऱ्यात माण-खटाव, हा सगळा कमी पावसाचा पट्टा. पूर्वी तिथली बचत म्हणजे शेळ्या-मेंढ्या. बाजारात नेली की त्याच दिवशी पैसे, चारा संपला की विकून मोकळं. दुष्काळ कधीही दारात येईल अशा ठिकाणी ती अगदी शहाणी बचत होती. म्हैसाळ आणि टेंभू उपसा सिंचन योजनांचं पाणी जसजसं पोहोचलं तसतशी तीच माणसं द्राक्ष-डाळिंब लावू लागली. द्राक्षबाग म्हणजे मांडव, तारा, ठिबक असा मोठा खर्च आणि पुढची दहा-पंधरा वर्षं डोळ्यांसमोर धरायची. कुणी जाऊन त्यांना दूरदृष्टीची शिकवणी दिली नाही. पाण्याचा भरवसा आला आणि नजर आपोआप लांब गेली. फौजेतल्या पेन्शनरांच्या घरांतही, साताऱ्याच्या गावागावांत, हेच दिसतं. महिन्याला ठरलेली रक्कम मरेपर्यंत येणार आणि मागे बायकोलाही मिळणार, एवढी खात्री असली की माणूस नातवाच्या शिक्षणाचं नियोजन करतो.

वडिलांच्या ज्या खर्चाला तुम्ही उधळपट्टी समजत असाल, त्यातला एक भागही तपासून पाहा. भावकीतल्या लग्नात केलेला आहेर, गावच्या जत्रेची वर्गणी, कुणाच्या दवाखान्यासाठी दिलेले पाच हजार. घरात आहेराची वही असेल, ती उघडा. तुमच्या बहिणीच्या लग्नात कुणी काय दिलं आणि आपण कुणाला काय देणं लागतो हे त्यात लिहिलेलं सापडेल. पुराच्या वेळी ज्याच्या घरी जनावरं नेऊन बांधली, त्याच्या मुलाच्या लग्नात हात आखडता घ्यायचा नसतो. हा खर्च बँकेच्या पासबुकात दिसत नाही, पण अडीनडीला तोच उपयोगी येतो. मर्यादा हवी, हे खरं. कर्ज काढून मांडव मोठा करणं मला कधीच पटलेलं नाही आणि तसं मी लोकांना तोंडावर सांगतो.

मग करायचं काय? महिन्याची भाषा सोडा. "महिन्याला पाच हजार टाका" हे उसाच्या घरात लागूच पडत नाही, कारण महिना असा त्यांच्याकडे नाहीच. आवर्ती ठेव आणि मासिक एसआयपी त्यांच्या गळ्यात मारू नका; दोन हप्ते चुकले की मन उडतं. दुसरं, वीस वर्षांपुढचं बोलू नका. बचतीवरच्या एका संशोधनात असं आढळलं की भविष्याकडे सरळ पुढे जाणारी वाट म्हणून बघणाऱ्यांपेक्षा, काळ फिरून फिरून येतो असं मानणाऱ्यांनी जास्त वाचवलं. कारण समजण्यासारखं आहे. सरळ वाटेवर पुढे सगळं चांगलंच होणार असं वाटत राहतं: पुढच्या वर्षी टनेज वाढेल, दर वाढेल, मग टाकू. फेऱ्याकडे बघणाऱ्याला माहीत असतं की यंदाही जून येणार, शाळेची फी येणार, खत लागणार, गेल्या साली लागलं तेवढंच लागणार. आणि शेतकऱ्याला फेरा शिकवावा लागत नाही. लागण, खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटणारं पीक), जत्रा, दिवाळी, लग्नसराई हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोघं मिळून गेल्या वर्षीचे मोठे खर्च ज्या त्या महिन्यात लिहून काढा. बचत कशासाठी करायची हे मग तुम्हाला सांगावं लागणार नाही.

पहिली बचत म्हणून पुढच्या हंगामाचं खत बाजूला ठेवायला सांगा. याला मी फार महत्त्व देतो. उधारीवर घेतलेल्या खताचा भाव रोखीपेक्षा जास्त असतो, किंवा थकबाकीवर व्याज लागतं. महिन्याला दोन टक्के लागत असेल तर वर्षाचे चोवीस झाले. कुठली सुरक्षित ठेव तुम्हाला चोवीस टक्के देणार आहे? केनियातल्या मका शेतकऱ्यांबाबत असंच दिसलं होतं: खताच्या हंगामात पैसे नसायचे, पण सुगी झाल्या झाल्या, हातात पैसे असताना, पुढच्या हंगामाचं खत घरपोच देण्याची सोय केली तर ते घेणाऱ्यांची संख्या वाढली. तीच गोष्ट पीककर्जाची. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र-राज्याच्या सवलतींमुळे शेतकऱ्याला ते शून्य टक्क्याने पडतं. तारीख चुकली की सवलत गेली. बिल येण्याआधी सोसायटीची मुदत संपत असेल, तर तेवढे दिवस निभवायला तुम्ही मदत करा. या एका कामात बरंच व्याज वाचेल.

चणचणीच्या घाईत कर्जाचे निर्णय नकोत हे वर सांगितलं; बचतीचा वाटा मात्र तोडीआधी ठरवा, अंमल बिलाच्या दिवशी करा. पैसे दूर असताना माणूस उदार मनाने भविष्याला वाटा देतो. पैसे हातात आल्यावर आजची गरज मोठी होते. हे तुमचंही होतं, माझंही होतं. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमाराला, ऊसतोडीची टोळी फडात यायच्या आधी, ठरवून कागदावर लिहा: बिलाचा दहावा हिस्सा. सोसायटीची वसुली का चुकत नाही? ती वडिलांच्या हातात पडायच्या आधीच कापली जाते. तशीच ही कापायची. बिल जमा झाल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात त्यांच्याबरोबर शाखेत जा आणि ठेव करून टाका.

ठेव एकच मोठी करू नका. तीन-चार करा, वेगवेगळ्या मुदतीच्या. एक मे अखेरीस सुटणारी, ती जूनच्या फी आणि बियाण्यासाठी. एक दिवाळीआधी सुटणारी. एक लांबची. दवाखान्यासाठी वीस हजार लागले म्हणून दीड लाखाची ठेव मोडलेली मी नेहमी बघत आलो. एकदा मोडली की उरलेले एक लाख तीस हजार परत ठेवीत जात नाहीत. पावतीवर पेनाने कारण लिहा, नातीचं नाव लिहा. भारतातल्या मजुरांवर झालेल्या अभ्यासातही पैसे वेगळ्या पाकिटांत विभागले आणि पाकिटावर मुलांचा फोटो लावला तेव्हा जास्त पैसे टिकले होते. घरात दहा वर्षांखालची मुलगी असेल तर सरकारची सुकन्या समृद्धी योजना उसाच्या घराला चांगली जमते. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख, आणि वर्षातून एकदाच भरले तरी चालतात. पीपीएफचंही तसंच, किमान ५००.

पैसे कुठे ठेवायचे यावर तडजोड नको. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला हा विमा लागू नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी आयुष्याची पुंजी तिथे ठेवलेली माणसं माझ्यासमोर रडली आहेत. वडिलांचे पैसे पूर्वी कुठे अडकले होते का, हे विचारा. बहुतेक वेळा "उद्याचं कुणी बघितलंय" या बोलण्यामागे अशी एखादी जुनी पावती निघते. ती निघाली तर आधी तिचं काय करता येईल ते बघा, नव्या ठेवीचं नंतर.

आईला या चर्चेत घेतलं आहे का? तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही. गोठ्यात दोन म्हशी असतील तर डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं आणि घर बहुधा त्यावरच चालतं. बचत गट, भिशी, डब्यातले पैसे, कधीमधी केलेलं ग्रॅम-दोन ग्रॅम सोनं. त्या घरातली खरी नियमित बचत आईच करत असण्याची शक्यता मोठी आहे. आवर्ती ठेव काढायचीच असेल तर ती दूध बिलावर काढा, त्यांच्या नावाने. भिशी असेल तर ती बंद करायला सांगू नका. व्याज मिळत नाही हे खरं, पण ओळखीच्या बायकांमध्ये हप्ता चुकवायची लाज असते आणि दिवाळीला हमखास रक्कम हातात येते. फक्त भिशी चालवणारी व्यक्ती ओळखीतली असावी आणि एका वेळी मोठी रक्कम अडकू नये, एवढं बघा. त्यात काही झालं तर दाद मागायला फारशी जागा नसते.

वडिलांनी बिलाच्या दहाव्या हिश्शाला नकार दिला तर भांडू नका, विसाव्याला या. त्यालाही नाही म्हणाले तर या हंगामात फक्त खताचे पैसे बाजूला काढा आणि मेमध्ये ते रोखीने खत घेऊन येऊ द्यात. रोखीचा आणि उधारीचा भाव दोन्ही त्यांना तोंडपाठ असतात. फरक त्यांच्या त्यांनाच दिसेल. आणि बिलातली काही रक्कम त्यांच्याकडे अशी राहू द्या की जिचा हिशोब तुम्ही विचारणार नाही. दीड वर्ष राबून आणलेले पैसे आहेत, जत्रेत पाहुण्यांना मटण घालायला त्यांना मुलाची परवानगी लागता कामा नये.